आधी मंगीला वेगळं करा

पत्र

ताई, नमस्कार.

मी बार्शीत राहते. गेल्या जूनमध्ये मुलाच्या वाढदिवसाला आठवडी बाजारातून सशाची दोन पिल्लं आणली. दोन्ही माद्या आहेत असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, म्हणून चिंगी आणि मंगी अशी नावं ठेवली. गणपतीत चिंगी व्याली तेव्हा कळलं की मंगी नर आहे. ती चारही पिल्लं दोन दिवसांत गेली. दिवाळीत पाच झाली, ती सगळी जगली आणि आता चांगली मोठी झालीत. 30 जानेवारीला पुन्हा सहा झाली. सकाळी बघते तर दोन मेलेली, त्यातलं एक अर्धवट खाल्लेलं. मुलगा दिवसभर जेवला नाही. सासूबाई म्हणतात, पिल्लं खाणारी आई घरात नको. चिंगी पिल्लांकडे फिरकतही नाही, म्हणून त्या कापसाच्या वातीने त्यांना गाईचं दूध पाजतात.

खायला आम्ही गाजर, कोबी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि उरलेली भाकरी घालतो. गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये एकच मोठा पिंजरा आहे. वासावरून शेजारचे बोलायला लागलेत.

पण मला ह्याची गोडी लागली आहे, हेही खरं. मिस्टर म्हणतात, एवढी आवड आहे तर धंदाच करू. एक कंपनी दहा माद्या आणि तीन नरांचं युनिट देते आणि होणारी सगळी पिल्लं तीच विकत घेते म्हणे. आमच्याकडे सगळे माळकरी. काय करू? छंद चालू ठेवू की सगळे ससे देऊन टाकू?

ता. क. : मुलगा विचारतोय, मंगीचं नाव बदलावं लागेल का?

– चिंगीची मालकीण, बार्शी

उत्तर

चिंगीच्या मालकीणबाई,

सविस्तर लिहिते, पण त्याआधी उठा आणि मंगीला चिंगीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढा. दुसरा पिंजरा नसेल तर आजची रात्र त्याला न्हाणीघरात गोणपाटावर ठेवा. गवत आणि पाणी दिलंत की तो काही तक्रार करणार नाही.

एवढी घाई कशासाठी? गाईम्हशींना माज येतो, त्याचे दिवस ठरलेले असतात. सशाच्या मादीचं तसं नाही. नर लागला की त्यानंतर दहा-बारा तासांत तिचं बीज सुटतं, म्हणजे नर जवळ असला की तिची वेळ झालीच. व्यायल्यावर काही तासांतसुद्धा ती पुन्हा गाभण राहू शकते, अंगावर पिल्लं पीत असताना. गणपती ते दिवाळी आणि दिवाळी ते जानेवारी असं अंतर तिला मिळालं ते निव्वळ नशिबाने. 30 जानेवारीच्या रात्री मंगी तिथेच होता. तेव्हा ती आत्ता गाभण आहे असंच धरून चाला. सशाचा गाभणकाळ 31 दिवसांचा, एखादा दिवस इकडेतिकडे. म्हणजे 2 मार्च.

दुसरं काम उद्या सकाळी. दिवाळीची पाच पिल्लं आता साडेतीन महिन्यांची झाली. लहान चणीचे ससे चार-पाच महिन्यांत वयात येतात, आणि बहीणभाऊ वगैरे काही ते बघत नाहीत. एकेकाला मांडीवर उताणं घ्या, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली, मागच्या पायांना खालून आधार. लाथ झाडताना आधार नसेल तर सशाचा कणा मोडतो, हे आधी मुलाला सांगा. मग शेपटीजवळ दोन बोटांनी हलकेच दाबून कातडी मागे सारा. नराचं गोल टोक नळीसारखं वर येतं, मादीची उभी फट दिसते. ह्या वयाला नरांच्या गोळ्याही दिसायला लागतात, दोन्ही बाजूंना लांबट, बिनकेसांच्या. बाजारातल्या त्या माणसाला दोष देत नाही मी. दोन महिन्यांच्या पिल्लात भले भले फसतात.

आता ज्याने तुमचा मुलगा जेवला नाही त्या गोष्टीकडे येते.

चिंगी राक्षसीण नाही. व्यायल्यावर ती वार खाते, पिल्लं चाटून स्वच्छ करते. त्या साफसफाईत एखादं मेलेलं किंवा गारठलेलं पिल्लू असेल तर तेही तोंडात जातं. रानात हे शहाणपणाचंच आहे, कारण मेलेल्या पिल्लाच्या वासाने शिकारी येतो. जिवंत पिल्लं मारण्याचे प्रकारही होतात, पण त्यामागे बहुतेक वेळा आपलीच काहीतरी चूक असते. ऐन वेळी पाण्याची वाटी कोरडी असते, गच्चीवर मांजर घिरट्या घालत असतं, घरटं करायला जागा नसते. किंवा त्याच पिंजऱ्यात एक नर असतो, तो तिला व्यायच्या रात्रीसुद्धा सोडत नाही आणि त्या पळापळीत पिल्लं तुडवली जातात. तुमच्या पत्रात पिल्लांच्या घरट्याच्या पेटीचा उल्लेख कुठेच नाही. जानेवारीतली रात्र, उघड्या जाळीवर सहा बिनकेसांची, डोळे मिटलेली, जेमतेम पन्नास ग्रॅमची पिल्लं. चार वाचली ह्याचंच मला आश्चर्य वाटतं. पहिल्या आठवड्यात भुकेइतकंच थंडीने मरतात ती.

ती पिल्लांकडे फिरकत नाही, ही तक्रार मला दर चार पत्रांत एकदा वाचायला मिळते. ससीण दिवसातून एकदा पाजते, फार तर दोनदा, आणि तेही तीन ते पाच मिनिटं. बहुधा रात्री किंवा पहाटे, तुम्ही झोपेत असताना. तिचं दूध इतकं घट्ट असतं की तेवढं पुरतं. एरवी ती मुद्दाम लांब राहते, म्हणजे कुणाला घरट्याचा पत्ता लागू नये. सासूबाईंना गाईची आणि वासराची सवय, त्यामुळे त्यांना हे निर्दयपणाचं वाटणार.

पिल्लू प्यायलंय की नाही हे आईकडे बघून कळत नाही, पिल्लाकडे बघून कळतं. सकाळी हात धुऊन, कोमट करून, एकेक पिल्लू तळहातावर घ्या. प्यायलेल्याचं पोट पुरणाच्या उंड्यासारखं गोल आणि तट्ट असतं, कातडी ताणलेली, पहिल्या दिवसांत तर आतलं पांढरं दूध कातडीतून दिसतं. उपाशी पिल्लू सुकल्या बोरासारखं सुरकुतलेलं असतं आणि हातात घेताच डोकं वर फेकत राहतं. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हा समज सोडून द्या. चिंगी तुमच्या हातची माणसाळलेली आहे. रोज घरटं तपासायलाच हवं, कारण मेलेलं पिल्लू आत राहिलं तर ते बाकीच्यांना घेऊन बुडतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर रोज वजन लिहा. आठवड्यात जन्माचं वजन दुप्पट व्हायला हवं.

वातीने गाईचं दूध मात्र आजपासून बंद. सासूबाईंची माया कळते मला, पण चार थेंब चुकून श्वासनलिकेत गेले की पिल्लू दोन दिवसांत छातीने जातं. शिवाय ते दूध त्याच्या पोटाला मानवत नाही. खरंच उपाशी दिसलं तर पहाटे चिंगीला उचलून पेटीत बसवा, कपाळावरून हात फिरवत राहा आणि पिल्लं खाली सरकवा. पाच मिनिटांचं काम आहे. हे सासूबाईंनाच सांगा, पहाटे त्या उठलेल्याच असतील.

आणखी एक. पेटीबाहेर एखादं पिल्लू गार, निपचित सापडलं तर ते मेलं असं लगेच समजू नका. आचळाला चिकटून ओढत बाहेर येतात ती, आणि आई त्यांना मांजरीसारखी तोंडात धरून परत नेत नाही. पदरात घ्या, छातीशी धरा, अर्धा तास थांबा. मी अशी तीन पिल्लं परत हललेली पाहिली आहेत.

पेटीचं सांगते. आंब्याची लाकडी पेटी अगदी योग्य. साधारण दीड फूट लांब, फूटभर रुंद. पुढची बाजू कापून सहा इंच ठेवा, म्हणजे आई उडी मारून जाईल आणि पिल्लं सहज बाहेर येणार नाहीत. खिळ्यांची टोकं ठोकून टाका. तळाला भुसा, वर भरपूर वाळलेलं मऊ गवत. नुसता वर्तमानपत्राचा कागद नको, त्यावर पिल्लांचे पाय फाकतात. ही पेटी गाभणकाळाच्या 28 व्या दिवशी ठेवायची. फार आधी ठेवलीत तर तिचा संडास होईल. मग गंमत बघा. चिंगी तोंडात आडवं गवत धरून, झुपकेदार मिशा लावल्यासारखी, पेटीत खेपा घालेल आणि शेवटी स्वतःच्या पोटाचे केस उपटून अंथरेल. तुमच्या मुलाला हे दाखवाच. त्या अर्धवट खाल्लेल्या पिल्लाचं त्याच्या मनात जे राहिलंय, ते मी कितीही लिहून जाणार नाही, पण हे बघून थोडं जाईल.

खाण्याच्या बाबतीत तुमच्याकडे जवळजवळ सगळंच उलटं चाललंय, रागावू नका. भाकरी आणि डाळ बंद. कोबीही बंद, त्याने पोट फुगतं. गाजर म्हणजे सशाची मिठाई, आठवड्यातून दोनदा दोन चकत्या. त्याचा पाला मात्र रोज चालेल. सशाचं मुख्य अन्न गवत, तेही वाळलेलं. चोवीस तास पुढ्यात हवं. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. आतड्यांचंही तसंच, तंतू पोटात जात राहिले तरच ती चालतात. सशाला ओकता येत नाही, तेव्हा एकदा पोट अडलं की पुढची वाट बंद. दहा-बारा तास ससा काही खात नाही, लेंड्या टाकत नाही, कोपऱ्यात गोळा होऊन बसलाय, असं दिसलं तर उद्यावर ढकलायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

तुमच्या भागात हरळी, मारवेल मुबलक. लसूणघासाची पेंढी गोठेवाल्याकडून मिळेल. ती चिंगीला पाजती असेपर्यंत आणि वाढत्या पिल्लांना द्या, मंगीला नको. रिकाम्या नराला त्यातला एवढा चुना, म्हणजे कॅल्शियम, झेपत नाही, लघवी चुना कालवल्यासारखी पांढरी यायला लागते. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला मूठभर चालतो. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला अजिबात नाही. सोलापूर जिल्हा म्हणजे ज्वारीचं घर, म्हणून मुद्दाम लिहिते, कोवळी ज्वारी कधीही घालू नका. ती गुरांना विषासारखी बाधते तशी सशालाही बाधते. वाळलेल्या कडब्याची पानं चालतील. हा सगळा बदल एका दिवसात करू नका, आठ-दहा दिवस हळूहळू करा.

पहाटे चिंगी मान वळवून शेपटीखालचं काहीतरी खाताना दिसेल. घाण वाटून घेऊ नका. त्या वेगळ्या, मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या असतात आणि त्या पुन्हा पोटात जाणं गरजेचं असतं. गाय रवंथ करते, तसा हा सशाचा दुसरा घास.

तुमच्या पत्रातल्या पत्र्याच्या शेडने मला आठवलं ते आता सांगते.

माझ्याकडे एके काळी सात ससे होते, जुन्या घराच्या परसात, पत्र्याखाली. एका एप्रिलमध्ये आम्ही सकाळी लग्नाला गेलो आणि चारच्या सुमारास परत आलो. पाण्याची ॲल्युमिनियमची वाटी त्यांनी नऊ वाजताच उलटी केली असावी. दोन ससे कुशीवर पडलेले, तोंडं उघडी, नाकाभोवती ओलं. एक मादी हातातच गेली. घाबरून मी दुसऱ्यावर बर्फाचं पाणी ओतलं, तेही चूक होतं, तो त्या धक्क्यानेच गेला असेल. दोघांचाही जीव माझ्या हलगर्जीपणाने गेला आणि दोन रुपयांची जड मातीची वाटी असती तर गेला नसता.

सशाला 15 ते 25 अंश बरं वाटतं. तीसच्या वर त्रास सुरू होतो, पस्तीसच्या वर जीव धोक्यात. बार्शीचा मे तुम्हाला मी सांगायला नको. त्याला घाम येत नाही, उष्णता कानांतून बाहेर टाकतो, म्हणून उन्हाळ्यात ओल्या फडक्याने कान पुसत राहायचे, गार पाण्याने, बर्फाच्या नव्हे. मार्च लागला की सगळ्यांना गच्चीवरून खाली आणा. जिन्याखाली, ओसरीत, उत्तरेच्या खोलीत, जिथे असेल तिथे. भोवती ओलं गोणपाट, आत फडक्यात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली, पाण्याची जड वाटी दोन ठिकाणी. उन्हाळ्यात जोडी लावायचीच नाही. नर तसाही त्या उष्म्यात काही काळ निकामी होतो, पुन्हा ताळ्यावर यायला दीड-दोन महिने जातात. पण मादीचे हाल होतात.

ह्याच कारणासाठी मला त्या दहा माद्यांच्या युनिटची धास्ती वाटते. मांसासाठी ससे पाळायचं काम आपल्या देशात सरकारी संस्थेने केलेलं आहे. अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं त्यासाठीचं दक्षिणेकडचं केंद्र आहे मन्नावनूरला, कोडाईकनालच्या डोंगरात. व्हाइट जायंट, सोव्हिएत चिंचिला ह्या जाती तिथल्या थंड हवेत वाढतात. त्यांना बार्शीच्या पत्र्याखाली आणून बसवायचं म्हणजे मिस्टरांनी आधी कूलरचं बिल मांडावं.

आणि हिशेब मांडायलाच बसलात तर पुढचाही मांडा. दहा माद्या, वर्षाला पाच वेळा, एका वेळेला सहा, म्हणजे तीनशे पिल्लं. कंपनी ती घेऊन पुढे कुणाला विकते? त्या गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, एखादं बिल दाखवायला सांगा. अशा योजनांत पैसा बहुतेक वेळा सशांतून येत नाही, नवीन माणसाला युनिट विकण्यातून येतो. नवीन माणसं मिळायची थांबली की फोन लागत नाही. मग घरात पन्नास ससे उरले तरी रोज पाच किलो वाळलं गवत लागतं, कंपनी असो नसो. आणि ती खरोखरच पिल्लं घेणारी निघाली तर ती कशासाठी घेते? मांसासाठी. तुम्ही माळकरी. मी स्वतः मांसाहार करते, मला त्यात पाप दिसत नाही. पण स्वतःच्या गळ्यात तुळशीची माळ असताना तीनशे पिल्लं टेम्पोत भरून द्यायची आणि ती कुठे जातात हे विचारायचं नाही, हे तुम्हाला रात्री झोप लागू देईल असं तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही.

सशाची वाढ गणितालासुद्धा पुरून उरली आहे. 1202 साली इटलीतल्या फिबोनाचीने सशांच्या एका जोडीचं कोडं घातलं आणि वर्षाअखेर उत्तर आलं 377 जोड्या. त्यातली आकड्यांची साखळी आपल्याकडच्या छंदशास्त्रवाल्यांना, हेमचंद्राला, त्याआधीच ठाऊक होती. त्यांना ती लघु-गुरू मात्रा मोजताना सापडली. पिंजरे न लागणारा छंद होता तो, एवढंच.

तर छंद ठेवायचा का? ठेवा की. पण आकडा पिल्लांवरून ठरवू नका, पिंजऱ्यांवरून ठरवा. माझ्या मते तुमच्या घराला चार पिंजरे झेपतील. एक मंगीचा, एक चिंगीचा, एक दिवाळीच्या मुलींचा आणि एक पिल्लांसाठी रिकामा. दिवाळीचे मुलगे वयात आले की एकमेकांना चावतात, फार वाईट जागी चावतात. त्यांना घरं शोधा किंवा खच्ची करून घ्या. सशाला भूल द्यायचं काम सगळ्याच डॉक्टरांच्या हातचं नसतं. आधी किती ससे केलेत, हे न लाजता विचारा. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर उदगीरला किंवा शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा. एक ओळखायची खूण सांगते. ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं तर त्याला सशाचा अनुभव नाही. आणि खच्ची केलेला नरसुद्धा पुढचा महिना-दीड महिना माद्यांपासून लांबच ठेवा.

चिंगीला मार्चनंतर सुट्टी द्या, दिवाळीपर्यंत. पुढे वर्षातून एकदा, फार तर दोनदा, तेही थंडीच्या दिवसांत आणि पिल्लांना घरं आधी ठरली असतील तरच. त्या वेळी चिंगीला मंगीच्या पिंजऱ्यात न्यायचं, त्याला तिच्याकडे नाही, नाहीतर स्वतःच्या जागेत ती त्याला ओरबाडून काढेल. काम दोन-चार मिनिटांत होतं, नर बाजूला धपकन पडतो. मग तिला परत आणायचं आणि वहीत तारीख टाकायची. मुलीला बापाशी लावायचं नाही. ज्याचे दात वाकडे वाढतात त्याची पिल्लं घ्यायची नाहीत, ते पुढे उतरतं. तीन-साडेतीन वर्षांची झाली की तिचा संसार थांबवा आणि जमलं तर गर्भाशय काढून घ्या. वय झालेल्या माद्यांना तिथे कर्करोग फार होतो.

पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय देऊ नका. घेणाऱ्याकडून आधी पिंजऱ्याचा फोटो मागा. कुणाला वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून हवं असेल तर नाही म्हणा, तुम्हाला त्याचा अनुभव आहेच. नेहमी विकायला लागलात तर तो धंदा झाला. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी 2018 चे केंद्राचे नियम आहेत, त्यांत ससाही आहे आणि त्यासाठी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आणि काहीही झालं तरी शेतात सोडू नका. रानात पळणारा ससा वेगळा, ह्यांची आणि त्याची जातकुळीही जुळत नाही. तुमचे पांढरे ससे पहिल्या रात्रीच कुत्र्याच्या नाहीतर मुंगसाच्या तोंडी जातील. उलट ऊसतोडीत सापडलेलं रानसशाचं पिल्लू कुणी मुलासाठी आणून दिलं तर घेऊ नका, तो 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

दुखण्यांपैकी दोनच सांगते, कारण त्यांत घरगुती उपाय घात करतो. कान खाजवतो, आत तपकिरी खपल्या दिसतात, म्हणजे कानात गोचिडीच्या जातीचे बारीक किडे झालेत. खपल्या उपटू नका, डॉक्टर इंजेक्शन देतात त्याने त्या आपोआप गळतात. पण कुत्र्याच्या मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं औषध सशाला विष आहे. तसंच आपल्या औषधाच्या डब्यातली अमॉक्सिसिलिन पोटात दिलीत तर ससा जुलाबाने जाऊ शकतो. दुसरं, दूध तुटल्यावरच्या दिवसांत पिल्लांना पातळ जुलाब झाले तर तो बहुधा कॉक्सिडिया, आतड्यातला सूक्ष्म परजीवी. दमट हवेत, घाण तळाशी वाढतो. त्याच दिवशी लेंड्या घेऊन दवाखान्यात जा.

वासाचं सोपं आहे. वास लेंड्यांचा नसतो, लघवीचा असतो, आणि आता सात मोठे ससे एका पिंजऱ्यात आहेत. तळाला जाळी, खाली ट्रे, ट्रेत लाकडाचा भुसा, एक दिवसाआड रिकामा. जाळीच्या निम्म्या भागावर फळी टाका, नाहीतर टाचांना जखमा होतात. लेंड्या फेकू नका. शेणखतासारख्या कुजवाव्या लागत नाहीत, थेट कुंडीत घालता येतात. शेजारणीच्या गुलाबाला एक डबा नेऊन द्या आणि सासूबाईंच्या तुळशीलाही घाला. आमच्या शेजाऱ्यांचं बोलणं असंच थांबलं होतं, पुढे तेच डबा घेऊन यायचे.

आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन खुणा करा. 27 फेब्रुवारीला चिंगीकडे गवत घातलेली नवी पेटी ठेवायची. आत्ताची पिल्लं तेव्हा चार आठवड्यांची होतील, गवत खात असतील. त्याच दिवशी त्यांना चौथ्या पिंजऱ्यात हलवा, लसूणघास आणि पाणी भरपूर ठेवा. थोडी लवकर सुटतात आईपासून, पण नव्या बाळंतपणात तिच्या पायांत नकोत. आणि 2 मार्च. 5 मार्चपर्यंत पेटी रिकामीच राहिली तर समजा आपण सुटलो, आणि मग दिवाळीपर्यंत पेटी माळ्यावर.

चिरंजीवांना सांगा, नाव बदलायचं काही कारण नाही. आठ महिने ज्या नावाला तो कान टवकारतोय तेच राहू दे. वहीत फक्त मंगी ह्या नावापुढे मोठ्या अक्षरात 'नर' असं लिहून ठेव म्हणावं.